प्रोग मेटलचा पहिला अल्बम: आधी पढंत, मग रेकॉर्डिंग

आमच्या प्रोग मेटल (बदलत्या तालांचं, लांबलचक रचनांचं मेटल) बँडच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या शिफ्टला सकाळी १० वाजता स्टुडिओत शिरलो. संध्याकाळी ६ ला बाहेर पडलो तेव्हा हातात काय होतं, तर एका गाण्याची दीड मिनिटं. पैसे मात्र आठ तासांचे गेले. स्टुडिओची चूक नव्हती, वाद्यं ठीक होती, सगळ्यांचा सरावही झालेला होता. गोची एवढीच, की ७/८ चा, म्हणजे सात मात्रांचा, मुख्य रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) गिटारवाला २-२-३ असा मोजत होता आणि ड्रमर ३-२-२ असा. जॅमरूममध्ये आवाजच इतका, की वर्षभर हे कुणाच्या कानावरच आलं नाही. क्लिक (लय धरणारी टिकटिक) लावला आणि पितळ उघडं पडलं.

मी बँडमध्ये बेस वाजवतो, लहानपणी तबल्याच्या क्लासला चार वर्षं घासली आहेत. त्या दिवशी घरी येताना रिक्षात बसून त्या रिफवर दोन शब्द बसवले: ‘रात्र सरली’. रा दोन मात्रा, त्र एक, स एक, र एक, ली दोन. झाल्या सात, आणि तुटतात ३-२-२ अशा. शब्द उलटे केले, ‘सरली रात्र’, की तेच होतं २-२-३. आमचा ड्रमर ‘रात्र सरली’ वाजवत होता आणि गिटारवाला ‘सरली रात्र’. दुसऱ्या दिवशी चौघांना चहाच्या टपरीवर उभं करून हे तोंडाने म्हणायला लावलं. तबल्यात याला पढंत म्हणतात. वीस मिनिटांत प्रश्न मिटला. चहाचे पैसे मीच दिले.

पुढची सगळी कृती याच एका गोष्टीवर उभी आहे. जे तोंडाने म्हणता येत नाही, ते रेकॉर्ड करायला जाऊ नका.

१. काय काढायचंय ते ठरवा

प्रोग मेटल म्हणजे अवघड मेटल, अशी एक समजूत आहे आणि नवे बँड तिला बळी पडतात. पहिल्याच अल्बममध्ये १२ गाणी, त्यात एक २० मिनिटांचं, वर तीन भागांची कथा. नको. सहा-सात गाणी, ४० ते ५० मिनिटं, बास. पुढेमागे व्हिनाइल (तबकडी) काढायची हौस असेल तर एका बाजूवर साधारण २० ते २२ मिनिटंच धड वाजतात, हेही आत्ताच लक्षात ठेवा, म्हणजे गाण्यांचा क्रम लावताना रडावं लागणार नाही.

पहिला अल्बम म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ड्रीम थिएटर या प्रोग मेटल बँडचं उदाहरण घ्या. १९८५ मध्ये बर्कली या संगीत कॉलेजात शिकणाऱ्या तिघांनी बँड सुरू केला, १९८९ मध्ये पहिला अल्बम आला, आणि त्यावरचा गायक त्यानंतर बँडमध्ये राहिला नाही. नव्या गायकाला घेऊन १९९२ मध्ये दुसरा अल्बम काढला, तेव्हा कुठे जग त्यांना ओळखू लागलं. तेव्हा सगळ्या कल्पना एकाच ताटात वाढू नका.

२. गाण्याचा नकाशा कागदावर काढा

मोबाइलमध्ये नाही, कागदावर. प्रत्येक गाण्यासाठी एक फुलस्केप. डावीकडे भागाचं नाव (‘मुख्य रिफ’, ‘शांत भाग’, ‘तो सुरेशच्या लग्नात सुचलेला’, काहीही चालेल), मग किती आवर्तनं, किती मात्रांची, लय किती, आणि उजवीकडे मात्रांची तोड. तोड लिहिलीच पाहिजे. नुसतं ‘७/८’ लिहून काही कळत नाही, हे आम्ही आठ तासांचे पैसे मोजून शिकलो आहोत.

ज्यांच्या घरात कुणी तबला-पेटी शिकलंय त्यांना इथे आयती शिदोरी आहे. सातासाठी रूपक, ३-२-२. दहासाठी झपताल, २-३-२-३. चौदासाठी दीपचंदी, ३-४-३-४. एक सावधगिरी मात्र: रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’च्या जागी येते, तिथे बायाँ (तबल्याचा डावा, घुमणारा भाग) गप्प असतो. मेटलमध्ये पहिल्या मात्रेवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) दणकन पडते. तेव्हा तालाची मोजणी घ्या, ठेका जसाच्या तसा उचलू नका.

आता या प्रकारातली सगळ्यांना भुरळ घालणारी गोष्ट: गिटार एका हिशेबाने, ड्रम दुसऱ्या. समजा ड्रम साध्या ४/४ मध्ये आहेत, म्हणजे एका बारमध्ये (तालाच्या एका आवर्तनात) सोळा छोट्या मात्रा. गिटारचा तुकडा सात छोट्या मात्रांचा आहे आणि तो न थांबता फिरतोय. दोघं पुन्हा एकत्र कधी येतील? ११२ मात्रांनी. म्हणजे ड्रमचे सात बार, गिटारची सोळा आवर्तनं. पण गाण्याचा भाग सहसा आठ बारांचा असतो, म्हणजे १२८ मात्रा. सात अठरे १२६. अठरा वेळा तुकडा वाजवून दोन मात्रा हातात उरतात. त्या दोन मात्रांचं तुम्ही काय करता, यावर तो भाग उभा राहतो नाहीतर पडतो. तिथे दोन ठोसे द्या, नाहीतर शांतता ठेवा, नाहीतर शेवटचा तुकडा नऊ मात्रांचा करा. तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर येणाऱ्या तबलजीची गंमत हीच असते, ऐकणाऱ्याला वाटतं आता चुकला, आणि तो बरोबर समेवर असतो.

नकाशा झाला की पढंत. वाद्य खाली ठेवायचं, मोबाइलवर क्लिक लावायचा, आणि चौघांनी मिळून अख्खं गाणं तोंडाने म्हणायचं. ‘डुग डुग डँ’ म्हणा, ‘ता कि ट’ म्हणा, शब्द बसवा. लाज वाटेल, वाटू द्या. जिथे दोघं हसून थांबतात तो भाग अजून बसलेला नाही. आमचा नियम असा होता, की सलग दोनदा न अडखळता म्हणून झाल्याशिवाय गाणं रेकॉर्डिंगच्या यादीत जाणार नाही. नऊ गाण्यांपैकी सहा यादीत गेली. उरलेल्या तिनांचं आजही वाईट वाटत नाही.

३. घरचा कच्चा अल्बम

आता संगणकावर लयीचा नकाशा भरा. जिथे लय बदलते तिथे क्लिक बदलला पाहिजे. शांत भागाला मिनिटाला १०४ ठोके आणि रिफला ११२ असतील तर ते स्पष्ट लिहा, ‘फील ने वाजवू’ म्हणू नका. मग प्रोग्राम केलेले ड्रम, त्यावर गिटार, बेस, गुणगुणलेला आवाज. असा अख्खा अल्बम घरी करून पंधरा दिवस फक्त ऐका. लोकलमध्ये, जिममध्ये, भांडी घासताना. कुठे कंटाळा येतो ते लिहून ठेवा. मला आमच्या लाडक्या चार मिनिटांच्या मधल्या भागात दर वेळी कुर्ल्याच्या आसपास कंटाळा यायचा. तो दीड मिनिटांचा केला.

खोलीतून जगभर पोहोचायला आता स्टुडिओच लागतो असं नाही. दिल्लीच्या केशव धरने स्कायहार्बर हा बँड असाच घरच्या घरी सुरू केला. गायक डॅनियल टॉम्पकिन्स इंग्लंडमध्ये, ड्रमर अनुप शास्त्री अमेरिकेत, फायली इकडून तिकडे. २०१२ मध्ये इंग्लंडच्या बेसिक रेकॉर्ड्सने त्यांचा पहिला अल्बम काढला, दोन भागांचा, आणि त्यातल्या जड भागावर गळा आहे मुंबईच्या भयानक मौत या बँडचा गायक सुनीथ रेवणकर याचा. मुंबई-पुण्याच्या मुलांनी हा अल्बम रेकॉर्डिंगचा धडा म्हणून ऐकावा.

४. तारा, ट्यूनिंग आणि पावसाळा

प्रोग मेटलमध्ये सात-आठ तारांच्या गिटारी आल्या आणि खालच्या सुरांत गर्दी झाली. आकडे बघा. सात तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार साधारण ६२ हर्ट्झवर असते. आठ तारांची असेल तर आठवी साधारण ४६ वर. साध्या बेसची जाड तार ४१ वर. म्हणजे आठ तारांची गिटार बेसच्या अंगणात येऊन बसली. बेस आणखी एक सप्तक खाली न्यायचा म्हटलं तर तो २३ हर्ट्झला जातो, तिथे सूर ऐकू येत नाही, नुसतं काहीतरी हलल्यासारखं वाटतं. म्हणून अशा गाण्यात बेस बहुतेकदा गिटारच्याच सप्तकात ठेवावा आणि त्याचा पोत वेगळा करावा. बेसवाला म्हणून हा अपमान मी गिळलेला आहे.

जाड तार सैल असते, जोरात छेडली की सूर क्षणभर वर चढतो. तेव्हा ट्यूनर लावताना हळू छेडून लावू नका, गाण्यात जितक्या जोरात वाजवणार तितक्याच जोराने छेडून लावा. प्रत्येक गाण्याला नव्या तारा. दर दोन-तीन टेकनंतर (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे एक टेक) ट्यूनिंग तपासा. रेकॉर्डिंग जूनमध्ये धरू नका, आणि धरलंच तर आधी गिटार सेट करून घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत लाकडाची मान हलते, इंटोनेशन (पट्टीपट्टीवरचा सुरेलपणा) बिघडतं, आणि मग बाराव्या पट्टीवरचा सूर कितीही केलं तरी लागत नाही. मिक्सिंगमध्ये (सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बसवताना) हे कुणालाही दुरुस्त करता येत नाही.

५. प्रत्यक्ष रेकॉर्डिंग

पैसे थोडे असतील तर सगळे ड्रमवर घाला. ड्रम सेटला चांगली खोली, बरेच माइक आणि ते लावणारा जाणकार लागतो, हे घरी जमत नाही. बाकी सगळं जमतं. आणि ड्रमर नसेल तर? तर प्रोग्राम करा आणि त्याबद्दल खजील होऊ नका. गिटारवादक टोसिन अबासीने २००९ मध्ये ॲनिमल्स ॲज लीडर्स या नावाने पहिला अल्बम काढला. गिटार आणि बेस स्वतः वाजवले, ड्रम मिशा मन्सूरने संगणकावर रचले. अट एकच: दोन हात दोन पाय असलेल्या माणसाला जे वाजवता येईल तेच लिहा. स्नेअर, दोन क्रॅश आणि टॉम (चारही हातानेच वाजतात) एकाच वेळी वाजला, की ऐकणारा ड्रमर हसतो.

घरच्या कामासाठी दोन इनपुटचा इंटरफेस (वाद्याचा आवाज संगणकात नेणारी पेटी) पुरतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाजाचा काटा सर्वांत जोरात वाजवताना उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असा ठेवा. लाल दिवा लागला तर टेक गेला. बफर (संगणक आवाज किती किती तुकड्याने घेतो ते) १२८ सॅम्पलवर ठेवला तर उशीर एका बाजूने सुमारे २.७ मिलिसेकंद, वाजवताना बोटाला जाणवत नाही.

सॉफ्टवेअरमधला अँप कितीही झकास वाटला तरी गिटारचा कोरा डीआय सिग्नल (अँपविना थेट आलेला आवाज) सोबत साठवाच. सहा महिन्यांनी तुम्हालाच तो अँप नकोसा होतो. रिदम गिटार दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज रुंद होत नाही, मधोमध नुसता मोठा होतो. दोनदा खरं वाजवण्यातला बारीक फरकच तो रुंदपणा देतो. आणि इथे पुन्हा पढंत कामाला येते, कारण दुसऱ्या वेळी पहिल्यासारखं तंतोतंत वाजवायला हात नाही, तोंड लक्षात ठेवतं.

गाणाऱ्यासाठी: कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी, बाजूला दोन गाद्या उभ्या, वरून गोधडी. खोलीचा घुमारा मरतो. पंखा बंद. आमच्या अल्बमच्या चौथ्या गाण्यात शांत भागाच्या शेवटी अगदी मागे कुकरची शिट्टी आहे. गायकाचा तो टेक इतका सुरेख होता, की शिट्टीसकट ठेवला. स्क्रीम करणाऱ्यांनी गळा तापवल्याशिवाय सुरू करू नये, एका दिवशी सलग तासाभरापेक्षा जास्त ओढू नये, आणि दुखलं की थांबावं. ‘दुखतंय म्हणजे खरं येतंय’ हा शुद्ध मूर्खपणा आहे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी दार तोडून मदतीला येईल. निवासी भागात कायद्याची आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, ड्रम त्याच्या कितीतरी पुढे जातात, म्हणून सोसायटीत ड्रमचा विचारही नको.

मराठीत लिहायचं असेल तर जरूर लिहा. इंग्रजीत शब्दाच्या एका भागावर जोर पडतो आणि तो रिफच्या जोराशी जुळवावा लागतो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आहे, म्हणजे शाळेत वैताग आणणारे लघु-गुरू इथे उपयोगी पडतात. ‘रात्र सरली’ तो रिफ बनवताना सुचली नव्हती, पण शेवटी गाण्याची ओळ तीच झाली.

रोज रात्री सगळ्या फायली दोन जागी कॉपी करा, त्यातली एक घराबाहेर. सिनिक या फ्लोरिडाच्या बँडचा पहिला अल्बम १९९३ मध्ये आला, पण त्याआधी १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात त्यांची सरावाची जागाच उद्ध्वस्त झाली होती आणि काम लांबलं. आपल्याकडे तळमजल्यावर खोली असली, की जुलै पुरतो.

६. मिक्सिंग, मास्टरिंग

मिक्स स्वतः करू नका. वर्षभर तीच गाणी ऐकून तुमचे कान कामातून गेलेले असतात. परका माणूस घ्या, त्याला कच्चा अल्बम, तो फुलस्केपवरचा नकाशा आणि आवडत्या दोन-तीन अल्बमांची नावं द्या. सूचना बँडमधला एकच जण देईल असं ठरवा. चौघांनी चार मेसेज पाठवले, तर प्रत्येकाला स्वतःचं वाद्य मोठं हवं असतं.

स्वतःच करायची वेळ आली तर दोनच युक्त्या. डिस्टॉर्शन (गिटारचा फाटका, खरखरीत आवाज) तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मं ठेवा, दोन-चार गिटारी एकावर एक चढल्या की ते आपोआप भरतं. आणि गिटारचा ८०-१०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून ती जागा किक आणि बेसला द्या. एकटी ऐकली तर गिटार बारीक वाटेल, सगळ्यांबरोबर बरोबर बसेल.

मास्टरिंगमध्ये (मिक्सनंतरचा शेवटचा हात) आवाज फुगवण्याची चढाओढ आता निरर्थक झाली आहे. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणून ठेवतं. तुम्ही भिंतीसारखं दाबून पाठवलंत तर ते नुसतं खाली ओढणार, दबलेपणा मात्र तसाच राहणार. प्रोगमध्ये शांत आणि जोराच्या भागांतलं अंतर हेच तर भांडवल. गाणी एकमेकांत मिसळत असतील तर ते मास्टरिंगवाल्याला आधी सांगा, मधे अर्ध्या सेकंदाची खाच पडली की सगळा परिणाम गेला.

७. कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, उरकून टाका, पण आधी उरका. प्रत्येक गाणं कुणी रचलं, शब्द कुणाचे, वाटा किती टक्के, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्री घट्ट असतानाच घ्या. पाहुण्या वादकाशीही लेखी ठरवा, चार ओळींची मेल चालते. प्रत्येक ट्रॅकला बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक) लागतो, डिस्ट्रिब्यूटर (गाणी स्ट्रीमिंगवर पोहोचवणारी कंपनी) तो सहसा देतो. डिस्ट्रिब्यूटर निवडताना वर्षाला पैसे भरायचे की कमाईतला हिस्सा द्यायचा हे बघा. वर्षाचे भरायचे असतील तर एक वर्ष विसरलात की अल्बम गायब होऊ शकतो, ती अट नीट वाचा.

आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था १९६९ पासून आहे, कार्यालय मुंबईत. तिचं सभासदत्व घ्या. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने पक्का झाला आहे. स्ट्रीमिंगमधून श्रीमंत होण्याची स्वप्नं मात्र पाहू नका: २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याचा हिशेबच होत नाही. बँडकँप (बँडकडून थेट संगीत विकत घ्यायची वेबसाइट) आणि गिगला, म्हणजे कार्यक्रमाला, विकलेले टी-शर्ट, खरा पैसा तिथेच सुटतो. आमचा तरी तिथेच सुटला. जितका सुटला तितका.

८. पहिला गिग

अल्बम निघाला की लगेच वाजवायला बोलावतात, आणि तेव्हा कळतं की स्टुडिओत तुकड्या-तुकड्याने वाजवलेलं सलग येत नाही. महिनाभर आधी फुलस्केप पुन्हा काढा, जॅमरूमच्या भिंतीला चिकटवा, पुन्हा पढंत. सिंथ आणि जादा आवाज लॅपटॉपवरून सोडणार असाल तर क्लिक ड्रमरच्या कानात गेलाच पाहिजे. आणि लॅपटॉपचं वायफाय बंद.

ड्रमरला अजून एक सांगा. ७/८ च्या गाण्याआधी सवयीने चार काड्या वाजवल्या, की चौघांपैकी दोघं चुकीच्या ठिकाणी घुसतात. सात वाजवायच्या. आमचा ड्रमर काड्या वाजवत नाही, माइकमधून ‘रात्र सरली’ म्हणतो. दुसऱ्या गिगपासून पुढच्या रांगेतले लोकही त्याच्याबरोबर म्हणायला लागले.